सेवा-विपणनातल्या संशोधकाचा प्रभाव कसा मोजावा: ए. परशुरामन यांच्या कामावरून एक मार्गदर्शक

मॅनेजमेंटमध्ये पीएचडीला नाव नोंदवलं की पहिल्या वर्षात कधीतरी गाईड सांगतात, "तुमच्या विषयातल्या एका मोठ्या अभ्यासकाचं योगदान नीट तपासून या." बहुतेक विद्यार्थी गूगल स्कॉलर उघडतात, उजवीकडच्या चौकटीतले एकूण सायटेशन (म्हणजे इतरांच्या लेखनात त्या कामाचा दाखला किती वेळा आला तो आकडा), एच-इंडेक्स आणि आय१०-इंडेक्स उतरवून घेतात आणि एका स्लाइडवर टाकून मोकळे होतात. मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे अशा स्लाइड माझ्यासमोर सतत येतात. त्या चौकटीच्या पुढे काय करायचं, ते या लेखात क्रमाने सांगते.

सेवा-विपणनाच्या बाबतीत हे जास्त गरजेचं आहे. या विषयातलं मोठं काम पुष्कळदा हत्यारासारखं वापरलं जातं. कुणी प्रश्नावली बनवतो, कुणी मॉडेल मांडतो आणि मग बँका, रुग्णालयं, हॉटेलं, ग्रंथालयं ते हातात घेतात. ते खरोखर वापरलं गेलं की नुसतं कंसात नाव टाकलं गेलं, हे सायटेशनच्या आकड्यावरून कळत नाही. माझ्या मते प्रभाव मोजणाऱ्याचं मुख्य काम हा फरक शोधणं हेच आहे.

उदाहरणासाठी मी ए. परशुरामन यांना निवडलं आहे. आयआयटी मद्रास, आयआयएम अहमदाबाद आणि मग अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ असं त्यांचं शिक्षण. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात असताना व्हॅलरी झाइथामल आणि लिओनार्ड बेरी यांच्यासोबत त्यांनी सेवेच्या गुणवत्तेवर काम सुरू केलं आणि पुढे ते मायामी विद्यापीठात गेले. सेवेची गुणवत्ता मोजणारी या तिघांची 'सर्व्हक्वाल' ही प्रश्नावली एमबीएच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने निदान ऐकलेली असते.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

"परशुरामन यांचा प्रभाव किती?" हा प्रश्न मोजण्याजोगा नाही. कुणावरचा प्रभाव? इतर संशोधकांवरचा, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमावरचा, कंपन्यांच्या कामकाजावरचा, की सरकारी धोरणावरचा? आणि कोणत्या काळातला? वहीच्या पहिल्या पानावर असं काहीतरी लिहा: "१९८५ नंतर सेवेची गुणवत्ता मोजण्याच्या पद्धतीवर परशुरामन यांच्या कामाचा काय परिणाम झाला, आणि आज ते काम कसं वापरलं जातं?" पुढचं सगळं काम या वाक्याशी ताडून पाहायचं. यात न बसणारा आकडा कितीही मोठा असला तरी तो अहवालात जाणार नाही.

मोजणी कशासाठी चालली आहे हेही लिहून ठेवा. लिटरेचर रिव्ह्यूसाठी मोजणं वेगळं आणि कुणाच्या बढतीसाठी किंवा पुरस्कारासाठी मोजणं वेगळं. दुसऱ्यात एखाद्याचं नुकसान होऊ शकतं, तिथे पुराव्याची अट कडक हवी.

दुसरी पायरी: माणूस नक्की करा

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शोधचौकटीत नुसतं 'परशुरामन' टाकलंत तर निदान तीन मोठी माणसं एकमेकांत मिसळतात. आपले ए. परशुरामन मार्केटिंगचे. राजा परशुरामन मानसशास्त्रज्ञ, जॉर्ज मेसन विद्यापीठातले. माणूस आणि स्वयंचलित यंत्रणा यांच्यातल्या संबंधावरचं त्यांचं काम फार गाजलं. एस. परशुरामन मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालक होते. एस. यांचा विषय वेगळा, ते चटकन बाजूला काढता येतात. राजा यांचं मात्र जपून पाहावं लागतं. २००० साली ए. परशुरामन यांचा 'टेक्नॉलॉजी रेडिनेस इंडेक्स' आला. त्याच वर्षी राजा परशुरामन आणि सहकाऱ्यांचा ऑटोमेशनच्या पातळ्यांवरचा लेख आला. दोन्ही माणूस आणि तंत्रज्ञान यांविषयीचे. एखाद्या पेपरमध्ये 'परशुरामन, २०००' एवढंच दिसलं तर मागची संदर्भसूची उघडल्याशिवाय ते कोणाच्या खात्यात टाकायचं हे ठरवता येत नाही.

म्हणून आधी ओळखीचा तक्ता करा: पूर्ण नाव, नावाची सगळी रूपं, कोणत्या वर्षी कोणत्या विद्यापीठात, नेहमीचे सहलेखक. स्कोपस या संशोधन-लेखांच्या आणि संदर्भांच्या नोंदवहीतला लेखक क्रमांक आणि असल्यास ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) त्यात नोंदवा. ऑर्किडची सोय २०१२ साली सुरू झाली, त्यामुळे त्याआधी निवृत्तीच्या वयाला आलेल्या अभ्यासकांकडे तो नसू शकतो, किंवा असला तरी जुनी यादी त्यात भरलेली नसते. मराठी नावांच्या बाबतीत तर हे काम दुपटीने करावं लागतं. एस. व्ही. कुलकर्णी आणि एस. एम. पाटील किती असतील! लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकेचं अर्धं काम एका नावावर आणि अर्धं दुसऱ्या नावावर पडलेलं असतं. तुम्ही स्वतः पहिला पेपर लिहिण्याआधी ऑर्किड काढून ठेवा. फुकट आहे आणि काही मिनिटांत होतं.

तिसरी पायरी: कामांची यादी, वर्षानुसार

एक्सेलमध्ये एका ओळीत एक काम. रकाने साधे ठेवा: वर्ष, शीर्षक, लेखकांचा क्रम, कुठे छापलं, प्रकार, आणि "यात नवीन काय आलं" यासाठी एक वाक्य. हा शेवटचा रकाना भरायला वेळ लागतो, कारण त्यासाठी पेपर वाचावा लागतो. तरीही तो सोडू नका.

परशुरामन यांच्या यादीतली मुख्य कामं अशी दिसतील. १९८५ साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये तिघांचा लेख आला. ग्राहकांचे बारा फोकस ग्रुप (निवडक लोकांच्या गटचर्चा) आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती यांवर तो उभा होता. बँकिंग, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली आणि उपकरणांची दुरुस्ती-देखभाल या चार सेवा त्यांनी निवडल्या होत्या. सेवेत कुठे कुठे दरी पडते हे दाखवणारं पाच गॅपचं मॉडेल आणि गुणवत्तेचे दहा निकष या लेखातून आले. १९८८ साली 'जर्नल ऑफ रिटेलिंग'मध्ये सर्व्हक्वाल आली. सुरुवातीच्या ९७ विधानांची चाळणी करत ती ३४ वर आणि शेवटी २२ वर आणली गेली आणि निकष पाच उरले: मूर्त बाबी, विश्वासार्हता, तत्परता, खात्री आणि ग्राहकाविषयीची आस्था. १९९१ साली याच प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती आली. १९९६ साली, सेवा चांगली किंवा वाईट मिळाल्यावर ग्राहक पुढे कसा वागतो यावरचा लेख आला. २००० साली तंत्रज्ञान स्वीकारण्याच्या तयारीवरची ३६ विधानांची मोजपट्टी, २००५ साली वेबसाइटवरच्या सेवेसाठी ई-एस-क्वाल, आणि २०१५ साली चार्ल्स कोल्बी यांच्यासोबत त्या ३६ विधानांची १६ वर आणलेली दुसरी आवृत्ती.

पुस्तकं विसरू नका. १९९० साली तिघांनी सेवेच्या गुणवत्तेवर व्यवस्थापकांसाठी पुस्तक लिहिलं, १९९१ साली बेरी आणि परशुरामन यांनी आणखी एक. कंपन्यांतली माणसं जर्नल क्वचितच वाचतात; त्यांच्यापर्यंत कल्पना पोहोचते ती पुस्तकांतून. संपादनाचं कामही याच यादीत येतं. 'जर्नल ऑफ सर्व्हिस रिसर्च'चं संपादकपद त्यांनी सांभाळलं. एखाद्या विषयाला वळण लावण्यात संपादकाचा हात असतो, पण तो कुठल्याही इंडेक्समध्ये दिसत नाही.

चौथी पायरी: तीन ठिकाणांहून आकडे घ्या

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स (हीही स्कोपससारखीच नोंदवही) ही तीन ठिकाणं. एकाच पेपरचे तिघांकडचे आकडे वेगवेगळे येतात आणि ते तसेच यायला हवेत, कारण प्रत्येकाचं जाळं वेगळं आहे. गूगल स्कॉलर पुस्तकं, प्रबंध, परिषदेतले निबंध, कॉलेजच्या संकेतस्थळावरची पीडीएफ असं सगळं गोळा करतो, म्हणून त्याचा आकडा सगळ्यात मोठा. सर्व्हक्वालच्या बाबतीत तो पाच आकडी होतो. वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलांपुरतं राहतं. स्कोपसचा आकडा या दोघांच्या मधला. स्कोपसमध्ये १९९६ पूर्वीचे संदर्भ मागाहून, १९७० पर्यंत मागे जात भरले गेले. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या कामांसाठी स्कोपसचा आकडा एकट्याने देऊ नका.

प्रत्येक आकड्यासमोर तारीख आणि ठिकाण लिहा. हे आकडे रोज हलतात, आणि सहा महिन्यांनी गाईडनी तपासलं की जुळत नाहीत. मग विद्यार्थ्याला घाम फुटतो.

आता एक बारीक काम. जुन्या लेखाचा संदर्भ लोक चुकीचा लिहितात: खंडाचा क्रमांक चुकतो, पान चुकतं, लेखकांची नावं उलटसुलट होतात. १९८८ चा सर्व्हक्वालचा लेख खंड ६४, अंक १, पान १२ ते ४० असा आहे. शिवाय मार्केटिंग सायन्स इन्स्टिट्यूटने १९८६ साली त्याचं आधीचं रूप अहवाल म्हणून काढलं होतं आणि काही जण त्याचाच दाखला देतात. वेब ऑफ सायन्समध्ये 'साइटेड रेफरन्स सर्च' नावाची वेगळी खिडकी आहे. तिथे लेखकाचं नाव, जर्नलचं संक्षिप्त नाव आणि वर्ष टाकलं की अशी सगळी विस्कटलेली रूपं एकाखाली एक दिसतात. योग्य वाटतील त्यांवर खूण करून बेरीज घ्या. स्कोपसमध्ये लेखकाच्या मुख्य यादीत काम सापडलं नाही, तर 'सेकंडरी डॉक्युमेंट्स' पाहा; स्कोपसमध्ये स्वतंत्र नोंद नसलेली पण कुणीतरी संदर्भात दिलेली कामं तिथे असतात.

स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स तुमच्या कॉलेजात नसेल तर अडून राहू नका. ॲन-विल हार्झिंग यांचं 'पब्लिश ऑर पेरिश' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते गूगल स्कॉलरमधला मजकूर ओढून तक्त्यात मांडून देतं. २०२२ पासून 'ओपनॲलेक्स' ही खुली नोंदवहीही उपलब्ध आहे. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस जाऊन बसायची परवानगी मागितली तर ती बहुधा मिळते. ग्रंथपालांना विचारा, आम्हाला ते आवडतं.

पाचवी पायरी: एच-इंडेक्स हाताने काढून पाहा

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली हा निर्देशांक सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो क्रमांक म्हणजे एच. समजा एका संशोधकाच्या सात पेपरांना ४०, २२, १५, ९, ६, ५ आणि ३ सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाचपेक्षा जास्त. सहाव्याला ५ आहेत, म्हणजे सहापेक्षा कमी. एच झाला ५.

आता पहिल्या पेपरची सायटेशन ४० ऐवजी ४०,००० करा. एच किती? तरीही ५. ज्या अभ्यासकाच्या एकाच कामाने विषयाची दिशा बदलली, त्याचं नेमकं तेच काम हा निर्देशांक पाहत नाही. सेवा-विपणनात एखाद-दुसऱ्या पेपरने विषय बदलल्याची उदाहरणं बरीच आहेत. मेरी जो बिटनर यांचा १९९२ चा सेवा जिथे दिली जाते त्या जागेवरचा लेख घ्या, किंवा स्टीफन वार्गो आणि रॉबर्ट लश यांचा मार्केटिंगचा विचार सेवेच्या अंगाने मांडणारा २००४ चा लेख. म्हणून या विषयात एच देताना सर्वाधिक सायटेशनच्या तीन कामांचे आकडे वेगळे दिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. मोठ्या कामांना जास्त वजन देणारा जी-इंडेक्स लिओ एग्घे यांनी २००६ साली मांडला. हवा तर तोही काढा. आय१० हा गूगल स्कॉलरपुरताच, दहा किंवा अधिक सायटेशन मिळालेल्या पेपरांची संख्या. ज्येष्ठ अभ्यासकाच्या बाबतीत त्यातून फारसं कळत नाही.

सहावी पायरी: आकड्याला संदर्भ द्या

पंचेचाळीस वर्षं लिहिणाऱ्याची आणि दहा वर्षं लिहिणाऱ्याची तुलना थेट होत नाही. मार्केटिंगची तुलना वैद्यकशास्त्राशी होत नाही. स्कोपसकडचा 'फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट' हा आकडा यासाठीच असतो. तोच विषय, तेच वर्ष, तोच प्रकार यांच्या जागतिक सरासरीशी तुलना करून १ म्हणजे सरासरीइतका असं तो सांगतो.

सहलेखकांचा प्रश्न टाळू नका. सर्व्हक्वालचं श्रेय एकट्या परशुरामन यांना देणं अन्यायाचं आहे. यादीतला लेखकांचा क्रम पाहा: १९८५ आणि १९८८ च्या मुख्य लेखांत परशुरामन पहिले, १९९६ च्या लेखात झाइथामल पहिल्या, १९९१ च्या पुस्तकात बेरी पहिले. झाइथामल यांचा १९८८ चा किंमत, दर्जा आणि मूल्य यांवरचा लेख त्यांचा एकटीचा आणि तितकाच वजनदार. बेरी यांनी १९८३ साली रिलेशनशिप मार्केटिंगची कल्पना मांडली आणि पुढे ते आरोग्यसेवेकडे वळले. म्हणून दोन आकडे द्या: एक पूर्ण मोजणीचा, दुसरा प्रत्येक पेपरची सायटेशन लेखकांच्या संख्येने भागून काढलेला. दोन्ही शेजारी ठेवले की वाचकाला स्वतः ठरवता येतं.

जर्नलच्या दर्जाविषयी थोडक्यात. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) जर्नलचा असतो, माणसाचा नसतो. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या 'डोरा' जाहीरनाम्याने हेच बजावलं. आपल्याकडे युजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं. २०१९ साली सुरू झालेली ती यादी २०२५ मध्ये युजीसीने बंद केली. मॅनेजमेंटवाले जर्नलांना श्रेणी देणारी ऑस्ट्रेलियाची एबीडीसी यादी पाहतात, तिच्यात 'जर्नल ऑफ मार्केटिंग' आणि 'जर्नल ऑफ सर्व्हिस रिसर्च' वरच्या श्रेणीत आहेत. अभ्यासकाने कुठे छापलं ते या याद्यांवरून नोंदवा आणि पुढे चला.

सातवी पायरी: दाखला देणारे पेपर वाचा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वेळ कमी असेल तर आधीच्या पायऱ्या आखडत्या घ्या, पण हिला पुरेसा वेळ ठेवा.

सर्व्हक्वालचा दाखला देणारे सगळे पेपर वाचणं कुणालाच शक्य नाही. गूगल स्कॉलर एका शोधात एक हजारांपुढचे निकाल दाखवतही नाही. म्हणून नमुना घ्या. 'साइटेड बाय'वर टिचकी मारा, डावीकडे वर्षांची मर्यादा घाला आणि तीन टप्पे करा: १९८९ ते १९९९, २००० ते २००९, २०१० ते आजपर्यंत. प्रत्येक टप्प्यातून वीस पेपर. फक्त पहिल्या पानावरचे घेऊ नका, कारण वर येणारे पेपर बहुधा गाजलेलेच असतात. प्रत्येक पानावरचा ठरावीक क्रमांकाचा पेपर उचलायचा असं आधी ठरवून घ्या. मग प्रत्येक पेपर पुढच्या पाच प्रकारांत टाका: नाममात्र उल्लेख, व्याख्या उचलली, प्रश्नावली जशीच्या तशी वापरली, प्रश्नावली किंवा मॉडेल बदलून पुढे नेलं, आणि तपासून पाहिलं किंवा खोडून काढलं.

उदाहरण दाखवते. एका पेपरच्या प्रस्तावनेत वाक्य असतं: सेवेची गुणवत्ता म्हणजे ग्राहकाची अपेक्षा आणि त्याचा प्रत्यक्ष अनुभव यांतलं अंतर, आणि पुढे परशुरामन व इतर, १९८८. मग लिहिलेलं असतं की या अभ्यासात सर्व्हक्वाल वापरली. आता थेट परिशिष्टात जा आणि विधानं मोजा. मूळ सर्व्हक्वालमध्ये २२ विधानं अपेक्षेची आणि तीच २२ अनुभवाची, म्हणजे उत्तर देणाऱ्यापुढे ४४ विधानं सात अंकी पट्टीवर येतात आणि दोन्हींची वजाबाकी होते. परिशिष्टात फक्त २२ अनुभवाची विधानं दिसली, तर त्या संशोधकाने वजाबाकी केलेलीच नाही. त्याने नाव सर्व्हक्वालचं घेतलं आणि पद्धत वापरली जोसेफ क्रोनिन आणि स्टीव्हन टेलर यांच्या, नुसता अनुभव मोजणाऱ्या सर्व्हपर्फची. अशा पेपरला "जशीच्या तशी वापरली" या प्रकारात टाकू नका.

आणखी एक खूण. १९८८ च्या प्रश्नावलीत तत्परतेची चार आणि आस्थेची पाच अशी नऊ विधानं नकारार्थी होती. १९९१ च्या सुधारणेत ती सकारार्थी केली, आणि अपेक्षेची विधानं "कंपनीने असं असायला हवं" ऐवजी "उत्तम कंपनी अशी असेल" या धर्तीवर बदलली. परिशिष्टावरून कोणती आवृत्ती वापरली ते लगेच ओळखता येतं. संदर्भ १९८८ चा आणि विधानं १९९१ ची, हे फार आढळतं. मग १९९१ च्या लेखाला जे श्रेय मिळायला हवं होतं ते १९८८ च्या खात्यात जमा झालेलं असतं. नुसते आकडे पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

टीका करणारे पेपर वेगळे काढा आणि आदराने वाचा. जेम्स कारमन यांनी १९९० साली दाखवलं की पाच निकष प्रत्येक सेवेत तसेच टिकत नाहीत. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ साली बँक, कीटकनाशक फवारणी, ड्राय क्लीनिंग आणि फास्ट फूड या चार धंद्यांत तपासून मांडलं की अपेक्षा मोजायची गरजच नाही, नुसता अनुभव मोजला तरी जास्त नीट समजतं. १९९४ साली मूळ तिघांनी 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये त्याला उत्तर दिलं. पुष्कळ विद्यार्थी या सायटेशनना 'नकारात्मक' म्हणून वजा करायला निघतात. तसं करू नका. ज्या कामाला खोडायला इतक्या लोकांनी वर्षं घालवली, त्याने विषयाला वादाची एक समान जमीन मिळवून दिली, आणि माझ्या लेखी तो प्रभावाचा भक्कम पुरावा आहे. "बरोबर ठरलं का" हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर अहवालात वेगळ्या परिच्छेदात द्या.

शक्य असेल तर एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला त्याच साठ पेपरांतले वीस पेपर तुमचं वर्गीकरण न दाखवता वर्गवार लावायला सांगा. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे बहुधा तुमच्या प्रकारांची व्याख्या ढिली असते.

आठवी पायरी: जर्नलच्या बाहेर जा

ग्रंथालयवाल्यांना जवळचं उदाहरण आधी देते. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांची संघटना आणि टेक्सास ए अँड एमची ग्रंथालयं यांनी मिळून 'लिबक्वाल' हे सर्वेक्षण उभारलं, ते सर्व्हक्वालच्याच पायावर. त्यातही मुख्य प्रश्न २२ आहेत. वाचकाला प्रत्येक प्रश्नावर तीन आकडे विचारतात: किमान किती चालेल, हवं किती आहे, आणि मिळतं किती. सहन करण्याजोगी सेवा आणि हवीशी सेवा यांच्यातल्या पट्ट्याची ही कल्पना याच तिघांच्या नव्वदीच्या दशकातल्या लेखनातली. बँकांसाठी आणि दुरुस्तीच्या धंद्यासाठी बनवलेली पद्धत वाचनकक्षात कशी बसवली, कोणते निकष गळाले, 'जागा म्हणून ग्रंथालय' हा नवा निकष कसा आला, हा प्रवास तुम्ही कागदोपत्री दाखवू शकलात तर तुमच्या अहवालाचं ते सगळ्यात बळकट पान होईल.

असे प्रवास शोधायच्या जागा सांगते. पहिली जागा शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या या संग्रहात सर्व्हक्वाल शोधा; बँका, रुग्णालयं, विमा यांवरचे भारतीय प्रबंध पुढे येतील. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे वेगळे काढून पाहा आणि त्यांतही परिशिष्टाची वरची चाचणी लावा. दुसरी जागा अभ्यासक्रम: तुमच्या आणि आणखी चार विद्यापीठांचा सेवा-विपणनाचा अभ्यासक्रम डाउनलोड करा आणि गॅप्स मॉडेल कोणत्या घटकात, किती तासिकांसाठी आहे ते नोंदवा. तिसरी जागा पाठ्यपुस्तकं. झाइथामल आणि बिटनर यांचं सेवा-विपणनावरचं पाठ्यपुस्तक गॅप्स मॉडेलच्याच चौकटीवर रचलेलं आहे, म्हणजे जे विद्यार्थी कधीच १९८५ चा लेख उघडणार नाहीत त्यांच्यापर्यंतही ते मॉडेल पोहोचलं. चौथी जागा सरकारी आणि उद्योगांचे अहवाल. इथे नाव न घेता कल्पना वापरलेली असते, म्हणून नावाऐवजी पाच निकषांच्या शब्दांनी शोधा.

ट्विटर, बातम्या, ब्लॉग यांवरून काढलेले अल्टमेट्रिक आकडे १९८५ किंवा १९८८ च्या लेखासाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत. तेव्हा ट्विटर आणि ब्लॉग नव्हतेच. गेल्या दहा वर्षांतल्या पेपरांसाठी वापरायचे तर वापरा.

विद्यापीठाबाहेरचा प्रभाव कसा लिहावा यासाठी ब्रिटनच्या 'रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क' या विद्यापीठांच्या संशोधनाच्या मूल्यमापनातल्या केस स्टडी चाळा. त्या सर्वांना खुल्या आहेत. तिथे विद्यापीठाबाहेरच्या परिणामाला २०१४ साली एकूण गुणांत २० टक्के आणि २०२१ साली २५ टक्के वजन होतं. कोणतं संशोधन, कोणी वापरलं, त्यामुळे काय बदललं आणि याचा पुरावा काय, अशी त्यांची साखळी असते. तुमच्या साखळीतली एखादी कडी नसेल तर तशी नोंद करा, ती कल्पनेने भरू नका.

नववी पायरी: अहवाल लिहा

दोन ते तीन पानं पुरतात. सुरुवातीला पहिल्या पायरीतलं वाक्य. मग एक छोटा तक्ता: तीन ठिकाणचे आकडे, तारखेसह, पूर्ण आणि भागून काढलेले. मग साठ पेपरांचं वर्गीकरण, टप्प्यांनुसार. त्यानंतर बाहेरच्या प्रभावाचे दोन किंवा तीन प्रवास सविस्तर, आणि शेवटी टीका व तिला मिळालेली उत्तरं.

भाषा मोजून वापरा. "परशुरामन हे जगातले सर्वात प्रभावी सेवा-विपणन अभ्यासक आहेत" हे तुमच्या पुराव्यातून सिद्ध होत नाही, कारण तुम्ही जगातल्या सगळ्यांना मोजलेलं नाही. "तपासलेल्या साठ पेपरांपैकी इतक्यांनी प्रश्नावली प्रत्यक्ष वापरली, त्यांतल्या इतक्यांनी अपेक्षेची विधानं गाळली" हे सिद्ध होतं, आणि वाचणाऱ्याच्या ते जास्त उपयोगाचंही आहे. तुमचा स्वतःचा प्रबंध सेवेच्या गुणवत्तेवर असेल तर प्रश्नावलीची कोणती आवृत्ती घ्यायची आणि अपेक्षा मोजायची की नाही, याचा निर्णय तुम्हाला याच वाक्यावरून घेता येईल.

एक्सेलची फाइल, प्रत्येक शोधाचे नेमके शब्द, शोधाची तारीख आणि साठ पेपरांची यादी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि अहवालासोबत गाईडना द्या. प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध जमा करण्याआधीच्या सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या कुणी "हा आकडा कुठून आला?" असं विचारलं, तर तेच फोल्डर उघडून दाखवायचं.